ब्राँटी बहिणी आणि त्यांच्याभोवतीच्या अविवाहित बायका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शार्लट, एमिली आणि ॲन ब्राँटी या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज लेखिका बहिणींची नावं निघाली की यॉर्कशरचा वादळी माळ, क्षयाचा खोकला आणि कोवळ्या वयातले मृत्यू एवढंच बहुधा ऐकायला मिळतं. हे सगळं खरं आहे, पण अपुरं आहे. या बहिणी घर कशावर चालवत होत्या, पैसा कुठून येत होता, लग्नाशिवाय जगायचं तर काय काय करावं लागत होतं, हे कळलं की त्यांच्या पुस्तकांकडे बघण्याची नजर बदलते. या हिशेबात सतत कोणीतरी एक अविवाहित बाई उभी असते, आणि तिचं नाव फारसं कोणी घेत नाही. इथले प्रश्न मुख्यतः त्याबद्दल आहेत.

कुटुंबात कोण कोण होतं?

वडील पॅट्रिक ब्राँटी हे आयर्लंडमधल्या गरीब घरातले. हुशारीच्या जोरावर ते केंब्रिजला शिकले आणि चर्च ऑफ इंग्लंडचे पाद्री झाले. आई मारिया ब्रॅनवेल ही इंग्लंडच्या पार दक्षिण टोकाच्या, कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्स गावची. सहा मुलं झाली: मारिया, एलिझाबेथ, शार्लट (१८१६), ब्रॅनवेल (१८१७), एमिली (१८१८) आणि ॲन (१८२०). ब्रॅनवेल हा एकुलता एक मुलगा, त्याला आईचं माहेरचं आडनाव नाव म्हणून दिलेलं. १८२०मध्ये सगळे यॉर्कशरमधल्या हावर्थ गावी आले आणि सप्टेंबर १८२१मध्ये आई गेली. थोरल्या दोघी, मारिया आणि एलिझाबेथ, कोवन ब्रिजच्या शाळेत आजारी पडून १८२५च्या मे-जूनमध्ये सहा आठवड्यांच्या आत गेल्या. ती शाळा गरीब पाद्र्यांच्या मुलींसाठीच काढलेली होती. शार्लट नऊ वर्षांची असताना घरातली सर्वांत मोठी बहीण झाली.

वडिलांना पक्की नोकरी होती, मोठं घर होतं. मग मुलींना पोटाची चिंता का?

कारण ते घर वडिलांचं नव्हतं. हावर्थचं पार्सनेज, म्हणजे पाद्र्याला राहायला दिलेलं घर, चर्चच्या मालकीचं होतं आणि नोकरीबरोबर मिळालेलं होतं. पॅट्रिक गेले की दुसऱ्या दिवसापासून त्या घरावर मुलींचा काहीही हक्क राहणार नव्हता. पगार वर्षाला २०० पौंडांच्या आसपास. त्यात सहा मुलं, नोकरचाकर आणि पाद्र्याच्या इभ्रतीला साजेसं राहणं. मागे टाकायला काही उरत नव्हतं. शेतजमीन नाही, आजोबांची इस्टेट नाही, हुंडा द्यायला पैसा नाही.

त्यातून वडिलांची प्रकृती नाजूक. १८४६पर्यंत मोतीबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. त्या ऑगस्टमध्ये शार्लट त्यांना मँचेस्टरला शस्त्रक्रियेसाठी घेऊन गेली. भूल न देता ती शस्त्रक्रिया झाली. डोळ्यांवर पट्टी बांधून वडील अंधाऱ्या खोलीत पडलेले असताना शेजारच्या खोलीत तिने ‘जेन एअर’ ही कादंबरी लिहायला घेतली. पुढे वडील वयाच्या ८४व्या वर्षापर्यंत जगले आणि सहाही मुलांच्या मागे राहिले, पण हे आधी कोणाला कसं कळणार? घर कधीही सुटेल, या जाणिवेतच मुली वाढल्या.

लग्न न झालेल्या मध्यमवर्गीय मुलीपुढे त्या काळी कोणते मार्ग होते?

फार थोडे. श्रमाचं काम, म्हणजे गिरणी किंवा घरकाम, केलं तर घराण्याची पत जाणार. विद्यापीठं बंद, वकिली-डॉक्टरकी बंद, सरकारी नोकरी बंद. मग उरलं काय? एखाद्या श्रीमंत घरी राहून मुलांना शिकवणारी गव्हर्नेस होणं, शाळेत शिक्षिका होणं, स्वतःची छोटी शाळा काढणं, एखाद्या म्हाताऱ्या बाईची पगारी सोबतीण होणं, किंवा भावाच्या नाहीतर बहिणीच्या घरी राहून त्यांचा संसार ओढणं. १८५१च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये गव्हर्नेसांची संख्या २५ हजारांच्या घरात भरली. त्याच जनगणनेत पुरुषांपेक्षा बायका कितीतरी लाखांनी जास्त असल्याचं दिसलं आणि मासिकांतून ‘या जादा बायकांचं करायचं काय’ अशी चर्चा सुरू झाली. १८६२मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेग या लेखकाने तर त्यांना जहाजांत बसवून वसाहतींमध्ये पाठवण्याचा उपाय सुचवला. ज्या बायका घरोघर मुलं शिकवत होत्या, आजाऱ्यांची शुश्रूषा करत होत्या, त्यांना अनावश्यक ठरवणारी ही भाषा आज वाचतानाही संताप येतो.

ब्रॅनवेल मावशी कोण?

या सगळ्या कथेत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाई हीच. एलिझाबेथ ब्रॅनवेल, आईची थोरली बहीण, अविवाहित. १८२१मध्ये बहिणीच्या आजारपणात ती पेन्झान्सहून शुश्रूषेला आली. बहीण गेली, मागे सहा लेकरं, सर्वांत धाकटी ॲन दीड-पावणेदोन वर्षांची. मावशी राहिली. २१ वर्षं राहिली आणि तिथेच, २९ ऑक्टोबर १८४२ला वारली. पेन्झान्सला ती पुन्हा राहायला गेली नाही.

ती कुठून कुठे आली हेही लक्षात घ्या. पेन्झान्स म्हणजे समुद्रकाठचं उबदार गाव, ओळखीपाळखीची माणसं, चहापानाच्या बैठका. हावर्थ म्हणजे उंचावरचं, पावसापाण्याचं, गिरणी कामगारांचं गाव. १८५०मध्ये बेंजामिन बॅबेज यांनी तिथल्या आरोग्याची सरकारी पाहणी केली, तेव्हा मृत्यूचं सरासरी वय सुमारे २६ निघालं आणि शंभरातली चाळीसहून जास्त मुलं सहा वर्षांची व्हायच्या आत दगावत होती. पार्सनेजच्या गार दगडी फरश्यांचा मावशीला त्रास व्हायचा, म्हणून ती घरातही उंच लाकडी खडावा घालून टकटक चालायची. शार्लटची मैत्रीण एलन नसीने हे लिहून ठेवलं आहे. मावशी सोन्याच्या छोट्या डबीतून तपकीर ओढायची आणि संध्याकाळी बहिणीच्या नवऱ्याशी, म्हणजे पॅट्रिक यांच्याशी, वाचलेल्या विषयांवर जोरात वाद घालायची, असंही एलन सांगते. मुलींना शिवणकाम आणि घर चालवणं मावशीने शिकवलं.

आणि ती फुकट राहत नव्हती. तिच्या स्वतःच्या वडिलांनी तिला वर्षाला ५० पौंडांची कायमची तजवीज करून ठेवली होती. त्यातून ती घरखर्चाला हातभार लावायची आणि उरलेलं जपून ठेवायची.

पॅट्रिक यांनी मेहुणीशीच लग्न का केलं नाही?

आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो, कारण बायको गेल्यावर धाकट्या मेहुणीशी लग्न करणं आपल्या आजी-पणजीच्या पिढीत सर्रास होत होतं. इंग्लंडमध्ये चर्चच्या नियमानुसार मृत पत्नीची बहीण ही सख्ख्या बहिणीसारखीच, त्यामुळे असं लग्न निषिद्ध. १८३५च्या कायद्याने ते सरळ रद्दबातल ठरवलं आणि ही बंदी थेट १९०७मध्ये उठली. पॅट्रिक यांनी बाहेर दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलं. सहा मुलांच्या गरीब विधुराला नकारच आले.

या बंदीचा एक परिणाम मात्र झाला. अविवाहित मेहुणी विधुराच्या घरी राहिली तरी लोक बोट दाखवत नसत, कारण लग्नाची शक्यताच नव्हती. मावशी घरची कर्ती बाई झाली, आणि तरीही स्वतःच्या पैशाची मालकीण राहिली.

गव्हर्नेसचं काम प्रत्यक्षात कसं होतं? पगार किती मिळायचा?

१८४१मध्ये रॉडन इथल्या घरी शार्लटचा ठरलेला पगार वर्षाला २० पौंड होता. त्यातून कपडे धुण्याचे कापले जात, हातात १६च्या आसपास पडत. दिवसभर मुलं, आणि मुलं झोपली की शिवणाचा ढीग. त्याआधी १८३९मध्ये स्टोन गॅप इथल्या श्रीमंत घरी काही आठवडे असताना तिने एमिलीला लिहिलं होतं की कापडाच्या कडा दुमडायच्या, टोप्या शिवायच्या, बाहुल्यांचे कपडे करायचे, याला अंत नाही, आणि गव्हर्नेसला स्वतंत्र माणूस म्हणून कोणी मोजतच नाही. नोकर तिला आपल्यातली मानत नसत आणि मालक जेवायला टेबलावर घेत नसत. घरात माणसांचा राबता असूनही तिच्याशी बोलायला कोणी नसायचं.

एमिली १८३८मध्ये हॅलिफॅक्सजवळच्या लॉ हिल शाळेत शिकवायला गेली. पहाटे सहापासून रात्री अकराच्या सुमारापर्यंत काम आणि मध्ये फक्त अर्धा तास मोकळा, असं शार्लटने हळहळून कळवलं आहे. एमिली काही महिन्यांनी घरी परतली.

सर्वांत जास्त टिकली ती ॲन, सगळ्यांनी शेंडेफळ म्हणून नाजूक समजलेली. थॉर्प ग्रीन इथल्या रॉबिन्सन कुटुंबात ती १८४० ते १८४५ अशी पाच वर्षं राहिली. ‘ॲग्नेस ग्रे’ ही तिची कादंबरी या अनुभवातून आली. गव्हर्नेसच्या वाट्याचे रोजचे बारीकसारीक अपमान तिने ज्या शांतपणे लिहिले, तसे शार्लटलाही जमले नाहीत, असं माझं मत आहे. ॲन अजूनही तिसऱ्या क्रमांकावर राहते, याचं वाईट वाटतं.

भावाला जास्त मिळायचं का?

हो. १८४३मध्ये ॲनच्याच शब्दावर ब्रॅनवेल थॉर्प ग्रीनला मुलाचा शिक्षक म्हणून लागला. ॲनला वर्षाला ४० पौंड, ब्रॅनवेलला ८०. घर तेच आणि ॲन तिथे आधीपासून टिकून होती, तरीही पगार निम्मा.

घरच्या सगळ्या आशा ब्रॅनवेलवर होत्या. चित्रकार होईल, कवी होईल, बहिणींचा आधार होईल, असं सगळ्यांना वाटे. तो रेल्वेत कारकून झाला, हिशेबातल्या घोळामुळे १८४२मध्ये काढला गेला. जुलै १८४५मध्ये थॉर्प ग्रीनहूनही त्याला काढलं. पुढची तीन वर्षं दारू आणि अफूत गेली. त्याचं दुःख खोटं नव्हतं, पण त्या तीन वर्षांत त्याला सांभाळत, त्याची देणी भागवत बहिणींनी कविता आणि कादंबऱ्या लिहिल्या.

ब्रसेल्सला जायचा खर्च कोणी केला?

मावशीने. बहिणींना स्वतःची शाळा काढायची होती. शार्लटच्या जुन्या शिक्षिका मिस मार्गारेट वूलर यांनी तर आपली शाळाच, सामानसुमानासकट, तिला चालवायला देऊ केली होती. पण फ्रेंच-जर्मन चांगलं येत नसेल तर शाळेत मुली कशा येणार? सप्टेंबर १८४१मध्ये शार्लटने रॉडनहून मावशीला पत्र लिहिलं. ते पत्र मुद्दाम शोधून वाचण्यासारखं आहे. त्यात सगळा व्यवहार मांडला आहे: प्रवासाला फार तर ५ पौंड, तिथलं राहणं इंग्लंडच्या निम्म्याहून थोडं जास्त खर्चाचं, तिथे शिकलेल्या भाषांचा शाळेला होणारा उपयोग. मग ती लिहिते, बाबांना हा बेत वेडा वाटेल, पण ते आयर्लंड सोडून केंब्रिजला निघाले तेव्हा तेही आज मी आहे इतकेच महत्त्वाकांक्षी होते.

मावशीने पैसे दिले. फेब्रुवारी १८४२मध्ये शार्लट आणि एमिली ब्रसेल्सला, एजे यांच्या शाळेत दाखल झाल्या. नोव्हेंबरमध्ये मावशीच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा दोघी धावत परतल्या, पण तोवर दफन झालं होतं. मावशीच्या अखेरच्या आजारात उशाशी ब्रॅनवेल होता.

मावशीच्या मृत्युपत्रात काय होतं?

ते तिने १८३३मध्येच करून ठेवलं होतं. पैसा चार भाच्यांना समान: शार्लट, एमिली, ॲन आणि पेन्झान्सची एलिझाबेथ जेन किंग्स्टन. ही चौथी भाची दुसऱ्या बहिणीची मुलगी. तिची आई नवऱ्यापासून वेगळी होऊन तिला घेऊन माहेरी आलेली. म्हणजे ज्या मुलींच्या मागे पैशाचा दुसरा आधार नव्हता, त्यांनाच मावशीने निवडलं. प्रत्येकीला ३०० पौंडांच्या आसपास आले.

लाडक्या भाच्याला, ब्रॅनवेलला, पैसा नाही. त्याला एक जपानी शृंगारपेटी. शार्लटला हिंदुस्थानी बनावटीची शिवणपेटी, एमिलीला चिनी मातीच्या झाकणाची पेटी आणि हस्तिदंती पंखा, ॲनला घड्याळ. मृत्युपत्र झालं तेव्हा ब्रॅनवेल सोळा वर्षांचाही नव्हता, त्यामुळे त्याच्या वागण्याची ही शिक्षा होती असं काही जण लिहितात ते चूक. तो मुलगा आहे, कमावून खाईल, मुलींना मात्र स्वतःचा पैसा हवा, एवढा साधा विचार त्यामागे दिसतो. स्वतःच्या ५० पौंडांच्या बळावर सन्मानाने जगलेल्या बाईला त्याची किंमत बरोबर ठाऊक होती.

त्या ३०० पौंडांचं बहिणींनी काय केलं?

बराचसा पैसा यॉर्क अँड नॉर्थ मिडलंड रेल्वेच्या शेअर्समध्ये घातला. तो सांभाळायची एमिली. होय, माळावर एकटी भटकणारी, कोणाशी न बोलणारी म्हणून प्रसिद्ध असलेली एमिली रोज वर्तमानपत्रातले रेल्वेचे भाव आणि बातम्या काळजीपूर्वक वाचायची. शार्लटला शेअर विकून टाकावेसे वाटत होते, पण आपण ब्रसेल्सला असताना एमिलीनेच सगळं नीट पाहिलं, तेव्हा तिचं मन मोडायचं नाही, असं तिने १८४६मध्ये मिस वूलर यांना लिहिलं. १८४९मध्ये रेल्वेसम्राट जॉर्ज हडसनचा डोलारा कोसळला आणि त्यात बरंच नुकसान झालं. तेव्हा एमिली हयात नव्हती.

१८४४मध्ये पार्सनेजमध्येच शाळा काढायचा प्रयत्न झाला. माहितीपत्रकं छापली, राहणं-जेवण आणि शिक्षण मिळून वर्षाला ३५ पौंड. एकही विद्यार्थिनी आली नाही. इतक्या आडगावी कोण मुलगी पाठवणार?

मग १८४६मध्ये तिघींनी मावशीच्या पैशातले ३० पौंडांहून जास्त घालून स्वतःच्या कवितांचं पुस्तक छापून घेतलं. करर, एलिस आणि ॲक्टन बेल ही पुरुषी वाटावीत अशी टोपणनावं घेतली. वर्षभरात दोन प्रती खपल्या. पण छपाई, मुद्रितं, प्रकाशकाशी पत्रव्यवहार हे सगळं त्यांना कळलं होतं, आणि त्या थांबल्या नाहीत.

कादंबऱ्यांतून किती मिळालं?

‘जेन एअर’ ऑक्टोबर १८४७मध्ये लंडनच्या स्मिथ, एल्डर कंपनीने काढली. सुरुवातीला १०० पौंड आणि नंतरच्या आवृत्त्या धरून ५००. गव्हर्नेस म्हणून हातात येणाऱ्या १६ पौंडांशी ताडून पाहा. एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ आणि ॲनची ‘ॲग्नेस ग्रे’ त्याच डिसेंबरमध्ये न्यूबी या दुसऱ्या प्रकाशकाने काढल्या, पण त्यासाठी दोघींना आधी स्वतःचे ५० पौंड भरावे लागले. तेही मावशीच्याच ठेव्यातले.

त्यांचा घरातला दिवस कसा जायचा?

काम, वाचन, चालणं, लेखन. १८३६च्या हिवाळ्यात म्हातारी मोलकरीण टॅबी बर्फावर घसरून पाय मोडून बसली. मावशीचं म्हणणं, तिला तिच्या बहिणीकडे पाठवावं. मुलींनी जेवणच सोडलं. जिने आम्हाला सांभाळलं तिला आम्ही सांभाळणार, असा हट्ट. शेवटी टॅबी राहिली आणि घरकाम मुलींनी वाटून घेतलं. एमिली कणीक तिंबताना समोर जर्मन पुस्तक उघडून ठेवायची.

रात्री नऊला मोठी माणसं झोपायला गेली की तिघी बहिणी जेवणाच्या टेबलाभोवती गोल गोल चालत बोलायच्या. दिवसभर लिहिलेलं एकमेकींना वाचून दाखवायचं, कथानक कुठे अडलं ते सांगायचं. आपण त्यांना एकांतातल्या प्रतिभावंत म्हणून ओळखतो, पण ही पुस्तकं तिघींच्या रोजच्या बोलण्यातून घडली. तिघींपैकी एकीचंही लग्न विशीत झालं असतं तर हे टेबल राहिलं नसतं.

त्यांना मागण्या आल्याच नाहीत का?

शार्लटला आल्या. मार्च १८३९मध्ये एलनचा भाऊ, पाद्री हेन्री नसी याने पत्राने विचारलं. तिचा नकार. त्याच उन्हाळ्यात डेव्हिड प्राइस नावाच्या आयरिश तरुण पाद्र्याने एकदाच भेटून मागणी घातली. पुन्हा नकार. दोन्ही वेळा तिच्याकडे ना पैसा होता ना नाव, आणि होकार दिला असता तर आयुष्याची सोय लागली असती, हे विसरू नये.

तिसऱ्याचा आपल्या मुंबईशी संबंध आहे. स्मिथ, एल्डरचा हिंदुस्थानशी मोठा व्यापार होता. त्यांचा व्यवस्थापक जेम्स टेलर १८५१मध्ये कंपनीची शाखा उभारायला मुंबईला निघाला. निघण्यापूर्वी, एप्रिलमध्ये, तो हावर्थला शार्लटला भेटायला आला. तो जवळ आला की आपलं रक्त गोठतं, असं तिने एलनला लिहिलं. बुद्धीचा माणूस, पुस्तकांची जाण असलेला, वडिलांनाही पसंत, पण मन नाही म्हणालं. तो मुंबईला गेला, आणि पुढे १८७४मध्ये मुंबईतच वारला.

एमिली आणि ॲन यांच्यासाठी अशी मागणी आल्याची नोंद नाही.

मग त्यांना लग्न नको होतं, असं म्हणायचं का?

इतकं सरळ नाही. शार्लटला प्रेम हवं होतं आणि ते न मिळाल्याचं दुःख तिच्या पत्रांत जागोजागी आहे. पण ३० जानेवारी १८४६ला, म्हणजे एकही पुस्तक छापलेलं नसताना, तिने मिस वूलर यांना लिहिलं की आजकाल मी कधीच लग्न न होणाऱ्या बायकांचा पुष्कळ विचार करते, आणि नवऱ्याच्या वा भावाच्या आधाराशिवाय शांतपणे, चिकाटीने स्वतःची वाट काढणाऱ्या अविवाहित स्त्रीइतकं आदरणीय माणूस या पृथ्वीवर नाही, अशा मताला मी आले आहे.

ती हे कोणाला लिहित होती? स्वतः अविवाहित असलेल्या, बहिणींना हाताशी घेऊन शाळा चालवलेल्या बाईला. शार्लटच्या डोळ्यांसमोर जिवंत माणूस होतं.

एमिली आणि ॲनच्या शेवटाबद्दल थोडं सांगाल का?

ब्रॅनवेल सप्टेंबर १८४८मध्ये गेला, एमिली १९ डिसेंबरला, वयाच्या तिसाव्या वर्षी. ॲनला समुद्राची हवा हवी होती. रॉबिन्सन कुटुंबाबरोबर उन्हाळ्यात ती स्कारबरोला जायची आणि ते गाव तिला फार आवडायचं. तिकडे जायला पैसा आला तो फॅनी आउथवेट या तिच्या अविवाहित धर्ममातेकडून. मिस आउथवेट १८४९च्या सुरुवातीला वारल्या आणि ॲनसाठी २०० पौंड ठेवून गेल्या. त्या पैशातून ॲन, शार्लट आणि एलन स्कारबरोला गेल्या. तिथे २८ मे १८४९ला ॲन गेली. ती २९ वर्षांची होती.

शार्लटने शेवटी लग्न केलं. तिच्या कमाईचं काय झालं?

वडिलांचे सहायक पाद्री आर्थर बेल निकोल्स यांनी डिसेंबर १८५२मध्ये तिला मागणी घातली. वडील भयंकर चिडले. दीड वर्षाने, २९ जून १८५४ला, लग्न झालं. त्या सकाळी वडिलांनी चर्चमध्ये यायला नकार दिला, आणि कन्यादानाच्या जागी उभ्या राहिल्या मिस वूलर.

त्या काळच्या कायद्याने लग्न होताच बायकोची रोकड आणि कमाई नवऱ्याची व्हायची. हे बदलायला १८७० आणि १८८२चे कायदे यावे लागले. म्हणून शार्लटने लग्नाआधी, मे महिन्यात, करार करून आपले सुमारे १,६७८ पौंड विश्वस्ताच्या हाती ठेवले. निकोल्स त्याला हात लावू शकत नव्हते आणि मूल न होता ती गेली तर ते वडिलांना मिळणार होते. मग संसार सुखाचा निघाला, विश्वास बसला, आणि फेब्रुवारी १८५५मध्ये आजारपणात तिने मृत्युपत्र करून सगळं नवऱ्याच्या नावे केलं. दोन्ही निर्णय तिचे स्वतःचे होते. ३१ मार्च १८५५ला ती गेली, गरोदरपणातच, ३८ वर्षांची.

मैत्रिणींचं पुढे काय झालं?

एलन नसी १८९७पर्यंत जगली, अविवाहित. शार्लटची पत्रं जाळून टाक, असं निकोल्स यांनी सांगितलं होतं. तिने जाळली नाहीत. त्यातली शेकडो पत्रं आज आपल्यापुढे आहेत, आणि या पानावरची कितीतरी माहिती तिथूनच आली आहे.

मेरी टेलर ही वेगळ्याच धडाडीची. १८४५मध्ये ती थेट न्यूझीलंडला गेली आणि १८५०मध्ये वेलिंग्टनला चुलतबहिणीबरोबर दुकान थाटलं. चुलतबहीण दीड-एक वर्षातच वारली, तरी मेरीने दुकान चालवून दाखवलं. शार्लटची ‘शर्ली’ ही कादंबरी वाचून तिने तिकडून खडसावलं की काही बायकांनीच, तेही लग्नावर पाणी सोडून, काम करावं असं तू म्हणतेस, म्हणजे तू भित्री आहेस. १८६०च्या सुमारास ती यॉर्कशरला परतली, स्वतःच्या घरात राहिली, आणि कमावणं हेच स्त्रीचं पहिलं कर्तव्य, असं तिने ठामपणे मांडलं. मिस वूलर १८८५मध्ये वारल्या.

हावर्थला जाता येतं का?

येतं. पार्सनेज १९२८पासून संग्रहालय आहे आणि ते ब्राँटी सोसायटी चालवते. लीड्सहून रेल्वेने कीथलीला जायचं आणि तिथून वाफेच्या इंजिनाची जुनी गाडी किंवा बस हावर्थला नेते. चर्चच्या तळघरातल्या कौटुंबिक थडग्यात शार्लट, एमिली, ब्रॅनवेल, आईवडील आणि मावशी आहेत. ॲन एकटी स्कारबरोच्या सेंट मेरी चर्चच्या दफनभूमीत आहे, तेव्हा तिच्यासाठी वेगळा दिवस काढावा लागतो.